शाकारणी

मराठी भाषेने घराच्या छपराकडून किती उसने घेतले आहे, याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कृतघ्न ठरतो. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. आणि ज्याला काही उद्योग नाही तो आढ्याला डोळे लावून पडून राहतो. गेली वीस वर्षे मी हे सारे वर्गात शिकवीत आले आहे. पूर्वी नुसती म्हण सांगितली की पुरे होई. आता फळ्यावर चित्र काढावे लागते. दोन तिरप्या रेघा, त्या जुळतात तिथे आढे, खाली उतरतात ते वासे, आणि भिंतीबाहेर डोकावणारी कड ती वळचण. एवढे करूनही एका चाचणीत एका मुलाने ‘वळचण म्हणजे वळणावरची अडचण’ असे लिहिले होते. मी त्याला अर्धा गुण दिला. मुलाचा तरी काय दोष? तो स्लॅबच्या घरात जन्मला. स्लॅबला वासे नसतात. त्यामुळे त्याचे घर फिरले तरी त्याबरोबर फिरायला काही उरलेलेच नाही.

माझ्या बाबतीत मात्र हे सारे शब्द एका दुपारी एकदमच जमिनीवर येऊन पडले. ३ जून २०२० ची ती दुपार. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागले आणि त्याने दक्षिण रायगडाबरोबर आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे मंडणगड, दापोली हे उत्तरेकडचे तालुकेही झोडपून काढले. दापोली तालुक्यात, समुद्रापासून कोसभर आत, आमचे शेतावरचे घर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, मागे पडवी, बाजूला आता रिकामा असलेला गोठा. समोर भाताचे चार कुणगे, मागे आंबे-काजू, विहिरीकडे थोड्या पोफळी. वडील आणि काका दोघेही गेल्यावर घरात राहते ती एकटी काकू. तिला मूलबाळ नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ हीच तिची मुले. तो डोंबिवलीला, मी साताऱ्याला.

टाळेबंदीचे दिवस. विजेचे खांब आडवे झालेले, फोन बंद. पाचव्या दिवशी काकूचा आवाज कानावर पडला तो शेजारच्या कोणीतरी दापोलीपर्यंत जाऊन लावून दिलेल्या फोनवर. ती म्हणाली, “मी बरी आहे. घराला तेवढी टोपी नाही.” मागच्या अंगणातल्या आंब्याची एक फांदी घरावर कोसळून आढे दुभंगले होते. पश्चिमेकडचे कोपरे उघडे पडले होते. एवढ्यात काकू कुठे होती? देवघरात, पाटावर, डोक्यावर पितळी परात धरून. हे तिने पुढे सहा महिन्यांनी सांगितले, आणि सांगताना स्वतःच इतकी हसली की आम्हांला रडायला वावच राहिला नाही.

तो सबंध पावसाळा तिने ताडपत्रीखाली काढला. “साताऱ्याला चल,” म्हणून मी शंभर वेळा विनवले असेल. “घर उघडं टाकून?” एवढेच तिचे उत्तर. घर तर उघडेच होते. पण व्याकरणाचा तास मी तिथे घेतला नाही.

२०२० च्या दिवाळीत आम्ही दोघे भावंडे एकदाची तिथे पोचलो आणि फराळाच्या ताटावरच छपराचा प्रश्न निघाला. भाऊ इंजिनियर नाही, बँकेत आहे. पण आकडे मांडून आला होता. त्याचे म्हणणे स्वच्छ होते: पत्रे घालायचे. लोखंडी सांगाडा, वर रंगीत पत्रा, आठ दिवसांत काम खलास. “ताई, कौलं घालशील, पण दर वर्षी ती शाकारणार कोण? वानरांनी उड्या मारून फोडली की बदलणार कोण? गावात कौलावर चढणारा माणूस दाखव मला.”

ही वानरांची गोष्ट शहरातल्या वाचकाला गमतीची वाटेल. कोकणात ती गमतीची राहिलेली नाही. वानरांची एक टोळी सकाळी घरावरून गेली की डझनभर कौले तरी जातात, आणि ती कुठली गेली हे पाऊस येईपर्यंत कळत नाही. कोकणातली अनेक कौलारू घरे पत्र्याची झाली ती हौसेने नव्हे.

मी कौलांच्या बाजूने होते. पत्र्याखाली वैशाखात माणूस भाजून निघतो. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. कौलांच्या फटींतून घर श्वास घेते. हे सर्व मी बोलले, आणि बहुधा जरा छानच बोलले; वीस वर्षे व्याख्याने दिलेल्या बाईला ते जमते. काकू करंजीचे काठ मोडून खात ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “दोघं भांडताय ते छान. पण पावसात इथे असतं कोण? मी. अडुसष्ट साली ह्या घरात आले. बावन्न पावसाळे झाले. आषाढात रात्री उठून कुठे तपेलं मांडायचं आणि कुठे घागर, ते मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. मला कौलाचं कौतुक नको सांगूस हो. माझ्या अंथरुणावर पाणी पडता नये. मग वर पत्रा घाला नाहीतर सोनं घाला.”

ज्याने रात्री उठून तपेली मांडलेली नाहीत त्याने कौलारू घराच्या सौंदर्यावर लिहू नये, असा एक नियम करायला हरकत नाही. दिवाळी अंकांची बरीच पाने वाचतील.

भावाला वाटले, निकाल लागला. पण काकू पुढे म्हणाली, “मात्र पलीकडच्या घरी पत्रे घातलेत, त्यांच्याकडे पावसात आरतीचे टाळ ऐकू येत नाहीत. माझे कान आधीच गेलेले. सगळ्या घरावर पत्रा आला तर मला कोणी हाक मारली कळायचं नाही.” एवढे बोलून ती चहा ठेवायला उठली. आम्ही दोघे वकील एकमेकांकडे पाहत राहिलो. अशिलाने दोघांचेही वकीलपत्र काढून घेतले होते.

तोड काढली मेस्त्रींनी. हे आमच्या गावचे सुतार, काकूपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तिला ‘वैनी’ म्हणतात. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, आत येऊन खांबांवर थापट्या मारल्या आणि म्हणाले, “वैनींची निजायची खोली आणि सैपाकघर, तेवढ्यावर खाली पत्रा मारू, वर कौलं चढवू. पावसाचा मार कौल खाईल, आवाज दबेल. गळलं तरी पाणी पत्र्यावरून भायेर जाईल. बाकी घर आपलं जसं हाय तसं.” भावाने विचारले, “आणि वादळ?” त्यावर मेस्त्रींनी जे सांगितले ते मी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. “वारा छपराला दाबत नाय भाऊ, उचलतो. छत्री उलटी होते का नाय, तसा. पत्रा उचलला तर रीप घेऊन सगळाच्या सगळा जातो आणि दुसऱ्याच्या घरावर पडतो. कौल जातं ते एकेक जातं. नुकसान होतं, पण घर उलटं होत नाय.” पत्रा नीट बांधला तर तोही टिकतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण नीट बांधायला पैसा लागतो, आणि मग स्वस्ताईचा मुद्दा उरत नाही.

भाऊ शेवटी म्हणाला, “ठीक. पण दर मे महिन्यात येणार कोण ते सांग.”

“मी,” मी म्हटले.

“लेखी दे.”

मी खरोखरच कागदावर लिहून दिले, की हयात असेपर्यंत दर वर्षी मे महिन्यात येऊन घराची शाकारणी करीन. काकूने तो कागद देवघरातल्या पंचांगात घालून ठेवला. याला एक निराळी बाजू होती. आमच्याकडे बाप गेला की बहिणीने भावाला हक्कसोड लिहून द्यायची, अशी चाल. कायदा काहीही म्हणो. २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, आणि त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच असतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही, असा निर्वाळा दिला. तरी तलाठ्याकडे जाणाऱ्या बहिणी बहुतेक सही करून परततात. भावाने माझ्याकडे तशी सही कधी मागितली नाही, पण गावातल्या एका वडीलधाऱ्याने काकूला विचारलेच, “पोरगी माहेरच्या छपराला पैसे कशाला घालते?” आमच्या घराण्यात बहिणीने भावाला लिहून दिलेला तो पहिलाच कागद असेल, ज्यात तिने काही सोडलेले नव्हते.

काम २०२१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. महाविद्यालयाचे तास घरून घ्यायचे होते, तेव्हा मी तिथेच मुक्काम ठोकला. मोबाइलची रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. पोफळीच्या सावलीत बसून मी लीळाचरित्र शिकवी, आणि पाठीमागे हातोड्यांचे ठोके चालू असत. एका मुलीने विचारले, “मॅडम, तुमच्याकडे काय बांधताहेत?” मी म्हटले, “आढं.” दुसऱ्या दिवशी फोन घराकडे वळवून सबंध वर्गाला आढे, वासे, रिपा दाखवल्या. गेल्या वीस वर्षांतला तो माझा सर्वांत चांगला तास होता असे मला वाटते, आणि त्यात बोलले बहुतेक मेस्त्रीच.

छप्पर उतरवणे हे बांधण्याइतकेच नाजूक काम. आढ्याकडून सुरुवात करून वळचणीकडे यायचे, घालताना उलट. चार गडी एकाखाली एक उभे राहून कौले हातोहात खाली देत. अंगणात ती पुस्तकांसारखी उभी रचायची. प्रत्येक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चांगले कौल भांड्यासारखे वाजते, तडा गेलेले बद्द बोलते. हे काम काकूने मागून घेतले. कानांनी अधू झालेली बाई कौलाचा नाद कसा ओळखते म्हणून मी विचारले, तर म्हणाली, “कानानं कशाला? हाताला कळतं.” सबंध घराला लागत होती सुमारे २१०० कौले. काकूच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली १२००.

प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. एक कौल हातात घेऊन भावाने, तो त्या रविवारी आला होता, आरोळी ठोकली, “ताई, अठराशे पासष्टचं कौल!” ते साल कौलाचे नव्हे, कारखान्याचे. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि भट्टी. पाहता पाहता त्या गावात कौलांचे आणखी कारखाने उभे राहिले आणि पत्तेमाऱ्यांतून ही कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर आणि मुंबईत जाऊन पोचली. आमची आली ती आजोबांनी १९३६ साली हर्णै बंदरावर उतरवून घेतलेली; तिथून बैलगाडीने. त्याआधी घरावर कुंभाराचे नळे होते. कुंभार चाकावर मातीचे लांब नळकांडे घडवतो आणि त्याचे उभे दोन भाग करतो, ती ही कौले. त्यांना रिपेत अडकायला नाक नाही, शेजारच्या कौलाला धरायला खाच नाही. नुसती एकमेकांवर विसावलेली. म्हणून ती दर उन्हाळ्यात सगळी काढून पुन्हा घालावी लागत. मंगळुरी कौल आले आणि कोकणी माणसाची शाकारणी चार हिश्शांनी कमी झाली. आज आपण ज्याला ‘आपले जुने कौलारू घर’ म्हणतो ते त्या काळच्या म्हाताऱ्यांना बहुधा पत्र्याइतकेच नवे आणि परके वाटले असेल.

कौले उतरल्यावर वासे दिसले. माजघरावरच्या वाशांना भुंग्याने पोखरून चाळण केलेली. बोट दाबले तर पीठ गळे. आणि स्वयंपाकघरावरचे वासे काजळीने काळे कुळकुळीत, पण मेस्त्रींनी किकऱ्याचा दांडा मारला तर टणत्कार. एकाच वेळी, एकाच लाकडाचे घातलेले. चुलीचा धूर रोज खात राहिलेल्या लाकडाला कीड शिवली नव्हती. काकू वर पाहत म्हणाली, “गॅस येईपर्यंत तीस वर्षं फुंकणीनं फुंकून डोळ्यांतून पाणी काढलं, ते वाशांच्या कामी आलं म्हणायचं.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, पण समाधानही नव्हते. ते काळे वासे मेस्त्रींनी जागचे हलवले नाहीत. नवे वासे ऐनाचे आणि किंजळीचे केले, त्यांना काजूच्या टरफलांचे तेल पाजले. आढे मात्र घरचेच निघाले. त्याच वादळात आमचा एक फणस उन्मळून पडला होता. त्याचे सोट काकूने त्याच वेळी कापून पडवीत टाकून ठेवले होते. दोन तुकडे जोडून त्यांचा सांधा मधल्या खांबावर घेतला.

छप्पर नसलेले घर मी त्याआधी पाहिले नव्हते, म्हणजे आपले पाहिले नव्हते. माजघरात कधी ऊन आलेले नव्हते. यायचा तो काचेच्या कौलातून एक कवडसा. आता सगळीकडे लख्ख ऊन. भिंतींचे पोपडे, खुंट्या, बाळंतिणीच्या खोलीतला काळोख, सगळे उघड्यावर. भिंतीच्या माथ्यावर, वाशांच्या बुंध्याशी एक भोवरा सापडला. मी भावाला फोटो पाठवला. त्याचे लगेच उत्तर आले: “त्याची आर कुठे आहे?”

राहिला प्रश्न कमी पडणाऱ्या कौलांचा. कौल म्हणजे कौल, कुठलेही आणून लावावे, असे वाटते. पण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. रिपा मारतात त्याच कौलाच्या मापाने, आमच्या कौलांना साडेबारा इंचांवर. त्यात अर्ध्या इंचाचा फरक पडला की सगळी ओळ तोंड वासते. जुने कारखाने बरेचसे बंद पडले. तेव्हा मेस्त्रींनी ठरवले की आमची १२०० कौले पूर्वेच्या पाख्याला घालायची आणि उरतील ती पुढच्या वर्षांसाठी ठेवायची. पश्चिमेचा पाखा सगळाच्या सगळा दुसऱ्या जातीच्या कौलांचा.

ती मिळाली शेजारच्या गावातल्या एका पाडलेल्या घराची, नव्या कौलाच्या निम्म्या भावात. मी आणि मेस्त्री टेम्पो घेऊन गेलो. घराचे चारही भाऊ मुंबईला. गावी गणपतीपुरते यायला दोन खोल्यांचा स्लॅब टाकणार होते. कौले मोजून देणारा थोरला भाऊ माझ्याच वयाचा. अकराशे मोजून झाल्यावर तो म्हणाला, “घर कुठल्या अंगाला आहे तुमचं? वारा लागतो का?” मी सांगितले. “मग वरच्या दोन ओळींना तार बांधा. आमच्याकडे बाबा बांधायचे.” पैसे घेताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. टेम्पो सुरू झाल्यावर मेस्त्री बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “ह्यांच्या आजाचं घर माझ्या बापानं शाकारलंय.” पश्चिमेच्या वरच्या दोन ओळींना आम्ही तार बांधली.

पूर्वेचा पाखा मार्चअखेर झाला, पश्चिमेचा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि करोनाची दुसरी लाट आली. निर्बंध लागले. मेस्त्री आजारी पडले, पंधरा दिवस त्यांच्या घराकडे कोणी फिरकेना. आढ्यावरचे कोने बसवायचे राहून गेले. दोन पाखे मिळतात तिथे ही मोठी कौले चुन्या-सिमेंटात बसवतात. ती नाहीत म्हणजे पाठ शिवायची राहिलेला सदरा. मे महिना उजाडला तो अरबी समुद्रात पुन्हा वादळ होणार या बातमीने. १२ तारखेला मेस्त्री काठी टेकीत आले, निम्मे झालेले. स्वतः खाली खुर्चीवर बसले आणि मुलाला वर चढवून ओरडून ओरडून कोने बसवून घेतले. मी वरून पाण्याचा हात फिरवीत राहिले, गच्च बसावेत म्हणून. छपरावर चढले ती तेव्हा पहिल्यांदा.

१६ मे २०२१ च्या रात्री तौक्ते आमच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत गेले. त्या रात्रीचे वर्णन करण्यासारखे फारसे नाही. अंधारात बसून फक्त ऐकायचे होते. कौले वाऱ्यात कुरकुरतात, एका कडेने सुरू होऊन दुसऱ्या कडेला जातात, जणू कोणी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून बोट फिरवावे. काकूने या खेपेस परात घेतली नाही. पण ती हाताशी होती. सकाळी मोजले तर वायव्येच्या कोपऱ्यातली एकतीस कौले गेलेली. शेजारच्या गोठ्याचा एक पत्रा आमच्या कुणग्यात दुमडून पडला होता. तार बांधलेल्या ओळींतले एकही कौल हलले नव्हते. मला त्या थोरल्या भावाला हे कळवावेसे वाटले, पण त्याचा फोन नंबर मी घेतला नव्हता. मेस्त्रींकडून निरोप धाडला.

तेव्हापासून दर मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आटोपून मी कुंभार्ली घाट उतरते. मेस्त्रींना आता शिडी चढवत नाही. त्यांचा मुलगा लोट्याच्या कारखान्यात कामाला. तो रविवारी येतो. उरलेले दिवस मी आणि शेजारची एक मुलगी. कौलांवर चालायचे ते रिपेवर पाय पडेल असे, कौलाच्या मध्यावर नव्हे. पन्हळीतला पाचोळा झाडायचा, शेवाळ खरवडायचे, फुटके कौल उचलायला वरचे दोन अलगद वर सरकवायचे. पहिल्या वर्षी वानरांनी फोडलेली मिळून ऐंशी बदलली. पुढच्या वर्षी साठ. राखून ठेवलेल्या कौलांची रास गोठ्यात आहे, ती दर वर्षी खाली बसत चालली आहे. ती संपल्यावर काय, हे भाऊ दर दिवाळीत विचारतो. तो विचारतो हे बरे आहे.

२०२५ साली मात्र शाकारणीचे गणित चुकवले पावसाने. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच कोकणात तो कोसळू लागला आणि २६ तारखेला मुंबईतही मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर झाले. आमचा पश्चिमेचा पाखा झाला होता. पूर्वेच्या पाख्यावरची फुटकी कौले मी नुकती काढून ठेवली होती, बदली घालायची होती दुसऱ्या दिवशी. रात्री दोनच्या सुमारास ढग फुटला. मी अंधारात चाचपडत उठले, ओटीवर बादली ठेवली, माजघरात खांबापाशी तपेले मांडले. आतल्या खोलीत काकू पत्र्याखाली कोरड्या अंथरुणावर झोपली होती. एकोणऐंशी वर्षांची, घोरत. तपेल्यात थेंब पडू लागले तसे घोरणे थांबले.

“अगो,” आतून आवाज आला, “खांबापाशी तपेलं ठेवलंस का? तिथे घागर लागते. तपेलं पहाटेच्या आत भरतं.”

मी घागर आणायला स्वयंपाकघरात गेले.